शाळेने मुलीचं वजन केलं. मधल्या सुट्टीचं काय?

चिंचपान (डोंबिवली) – धागाकर्ती

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या मंचावर नुसती वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण विषय घरातला आहे आणि एकटीने सुटणारा नाही.

लेक पाचवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. वर्गातच वजनकाटा ठेवला होता. बाई आकडा मोठ्याने सांगत होत्या आणि एक मुलगी वहीत लिहून घेत होती. माझ्या लेकीचा आकडा ऐकून मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी बोललं आणि वर्ग हसला. संध्याकाळी शाळेच्या डायरीत शेरा होता, ‘वजन जास्त आहे. पालकांनी लक्ष द्यावे.’ त्या दिवसापासून ती डबा अर्धा परत आणते आणि घरी आल्यावर कुणी पाहत नाही असं बघून बिस्किटं खाते.

शेरा खोटा नाही, ते मला मान्य आहे. घरात काय चुकतंय ते मी बघतेच आहे. पण ती दिवसाचे सहा तास शाळेत असते. म्हणून मी एक वही केली आणि पाच दिवस रोज संध्याकाळी तिच्याशी बोलून शाळेत काय काय झालं ते लिहून ठेवलं. तुमच्यासमोर तेच ठेवते.

शाळा ७.१० ची. पावणेसहाला उठवते, अर्धा कप दूध पोटात जातं, रिक्षाकाका साडेसहाला हॉर्न देतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये आला, मुलांची झोप अपुरी होते म्हणून. पाचवीला तो लागू नाही. म्हणजे एका इयत्तेने तिची झोप हुकली.

वेळापत्रकात पी.टी.चे दोन तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. सोमवारचा तास शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाला गेला. गुरुवारी मैदानावर स्नेहसंमेलनाची तालीम होती, तेव्हा एका कडेला रांगेत उभं राहून हातवारे. मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली बारा-तेरा डब्यात जातात. उरलेल्या वेळात मैदानावर जायला बंदी, कारण मोठी मुलं खेळत असतात आणि लहानांना लागतं. व्हरांड्यात धावलं तर शिक्षा.

पाण्याचा कूलर पंधरा दिवस बंद होता. बाटली दहा वाजेपर्यंत संपते. मग कँटीनमधून आंब्याच्या चवीचं सरबत, वीस रुपये. कँटीनमध्ये समोसा, वडापाव, मैद्याचे नूडल्स आणि माळेत लटकवलेली पाकिटं. फळ एकही नाही. वर्गात अठ्ठावन्न मुलं, त्यामुळे त्या आठवड्यात दोन वाढदिवस, दोन्ही दिवशी चॉकलेट, एकाबरोबर वेफर्सचं पाकीटसुद्धा. श्रुतलेखनात पैकीच्या पैकी पडले म्हणून बाईंकडून आणखी एक चॉकलेट. बाईंनी ते प्रेमानेच दिलं, त्यात मला शंका नाही.

पाच दिवसांत ती शाळेत किती वेळ खरोखर धावली, घामेजली? आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं. पंचवीसेक मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज साठ मिनिटं सांगते.

नियमांचं म्हणाल तर आहेत. शाळांच्या उपहारगृहात जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा निर्णय महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७ मध्येच काढला होता. मग केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली नियम केले. शाळेत तर नाहीच, पण शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही असे पदार्थ विकायचे नाहीत, मुलांना त्यांची जाहिरातही दाखवायची नाही. मी शाळेच्या फाटकापासून पावलं मोजली. अठरा पावलांवर पहिली टपरी. आणि कँटीन तर वजनकाटा ठेवला होता त्या वर्गाच्या बरोबर खाली.

मी यंदा शिक्षक-पालक संघात आहे. येत्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. तुमच्या शाळांमध्ये कुणी काही बदललं असेल, अगदी छोटं का होईना, तर सांगा. डाएटचे तक्ते मात्र नकोत, कळकळीची विनंती. ती दहा वर्षांची आहे.

---

मेथीमुठिया

वाचून पोटात कालवलं. सर्वांसमोर आकडा वाचणं आधी थांबवायला हवं. धागा वाचते आहे.

---

स्टेथोस्कोप (नाशिक)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. चिंचपान, सगळ्यात आधी लेकीबद्दल. अर्धा डबा परत येणं आणि लपून खाणं, ही माझ्या दृष्टीने वजनापेक्षा तातडीची गोष्ट आहे. तिला एकदा शांतपणे सांगा की तिची काहीही चूक झालेली नाही. मग तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन उंची आणि वजन दोन्ही तक्त्यावर मांडून घ्या. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत. दहाव्या वर्षी मुली वाढीला लागण्याच्या बेतात असतात, त्याआधी अंग थोडं भरतं. नुसत्या वजनाच्या आकड्यावरून शेरा मारणं शास्त्राला धरून नाही, उंची सोबत हवीच. आणि वजन खरंच थोडंफार जास्त निघालं, तरी या वयात ते बहुतेकदा कमी करायचं नसतं. ते आहे तिथे राहिलं आणि उंची वाढत गेली की प्रमाण आपोआप सावरतं.

आता शाळेबद्दल. शाळांमधून राबवलेल्या उपक्रमांचे जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर वजनातला फरक सरासरीने लहानच दिसतो. हे आधीच सांगतो, कारण मोठ्या उत्साहाने सहा महिने काहीतरी करायचं आणि कुणाचं वजन उतरलं नाही म्हणून सोडून द्यायचं, असं मी दोन शाळांत पाहिलं आहे. खेळ वाढला, पाणी वाढलं, तळलेलं कमी झालं, की झोप सुधारते, दम टिकतो, बद्धकोष्ठ जातो. यश त्यावर मोजा. मुलांच्या वजनावर शाळेचं यश मोजायला लागलात की पुन्हा काटा वर्गात येईल.

---

कांदेपोहे

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आम्ही दादरला वडापाव खाऊनच वाढलो. शाळेबाहेर गोळा, बोरं, चिंचा, सगळं खाल्लं. कुणी जाड झालं नाही. मला वाटतं हा मोबाईलचा प्रश्न आहे, वडापावचा नाही. आणि आपल्याकडे अजून निम्मी मुलं हडकुळी आहेत, तिथे लठ्ठपणाचा धागा काढणं म्हणजे श्रीमंतांचं दुखणं वाटतं. शिवाय टपरीवाल्याचं पोट त्या ५० मीटरवरच चालतं.

---

स्टेथोस्कोप (नाशिक)

कांदेपोहे, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

हडकुळेपणा आणि लठ्ठपणा हे आपल्याकडे दोन वेगळ्या घरांतले प्रश्न नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी भरली. त्याच पाहणीत जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, त्याआधीच्या फेरीत ते २ टक्क्यांच्याही खाली होतं. आकडा लहान आहे, पण पाच वर्षांत दुप्पट झाला. दोन्ही एकाच राज्यात, कधीकधी एकाच घरात.

आणि यामागचं कारण समजायला फार लांब जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. आपलं बाळ सगळीकडून लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीचं. पुढे याज्ञिकांनी स्वतःची आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना छापली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत एक, २२.३. इंग्रज डॉक्टरच्या शरीरात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के.

म्हणजे जन्माला येताना जे बाळ अपुऱ्या पोषणावर तगलं, त्याच्या पुढ्यात सात-आठ वर्षांचं असताना साखर, मैदा आणि बसून राहणं आलं, तर त्याला मधुमेहाचा धोका जास्त. हे दुखणं श्रीमंतांचं राहिलेलं नाही. माझ्याकडे मान काळी पडलेली (ती मधुमेहाच्या धोक्याची खूण असते) बारा-तेरा वर्षांची मुलं येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे वडील रिक्षा चालवतात किंवा कंपनीत शिफ्टला जातात.

वडापावचं म्हणाल तर तुम्ही दादरला तो किती वेळा खात होता आणि त्यानंतर मैदानावर किती तास होता? वडा तोच आहे, त्याच्या दोन्ही बाजूंचा दिवस बदलला. आणि तुमच्या बोरं-चिंचांना माझी काहीच हरकत नाही, त्या परत आल्या तर आनंदच आहे.

---

कांदेपोहे

बारीक दिसणाऱ्या बाळाचं हे माहीत नव्हतं. माझ्या भावाला ३४ व्या वर्षी मधुमेह निघाला, तो तर काडी पहिलवान. विचार करायला लावलंत डॉक्टर. टपरीवाल्याचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

---

खडूफळा (सातारा जिल्हा)

टपरीचं मी सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, पहिली ते सातवी, एकशे चार मुलांचा पट. आमच्याकडे शालेय पोषण आहार आहे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी-सातवीला दीडपट. मागे परसबाग आहे, मेथी, पालक, शेवगा, दोडका येतो. मुलं स्वतः पाणी घालतात, त्यामुळे ‘माझ्या वाफ्यातली मेथी’ म्हणून खातात. हे गोड कौतुक म्हणून लिहीत नाही, ताटात उरणारी भाजी खरोखर कमी झाली.

पण शाळेच्या फाटकापासून वीस मीटरवर दुकान. पाच रुपयांची पाकिटं. मुलं येताना घरून पाच-दहा रुपये घेऊन येतात, कारण आई-बाप सकाळी ऊसतोडीला किंवा रोजगाराला जातात आणि न्याहारीऐवजी हातावर पैसे ठेवतात. पाकीट खाल्लेलं मूल दुपारी खिचडी अर्धी टाकतं. लठ्ठ मूल आमच्याकडे अजून दोन-तीनच, पण अन्न वाया जाताना बघून जीव तुटायचा.

दुकानदार आमच्याच विद्यार्थ्याचा बाप. त्याला नियमाचा कागद दाखवला असता तर त्याने दुकान बंद केलं नसतं, माझ्याशी बोलणं बंद केलं असतं. मी शाळा व्यवस्थापन समितीत त्यालाच बोलावलं. म्हटलं, सकाळी दहा ते पाच ती पाकिटांची माळ आत ठेव, बाहेर काय विकायचं ते आपण ठरवू. आता तो उकडलेल्या शेंगा, भाजलेले चणे-फुटाणे, पेरू, काकडी ठेवतो. सीझनला बोरं आणि करवंदं. पेरूला तिखट-मीठ लावून देतो, ते मुलांना फार आवडतं. त्याचा धंदा पहिले दोन महिने बसला, हे खरं आहे. मग सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमांचा चहा-नाश्ता त्याच्याकडे दिला. आता बरं चाललंय. माळ पूर्ण गेली नाही, पाच वाजल्यानंतर बाहेर येते. तेवढं मी सोडून दिलं.

---

जिन्याखाली

पहिल्यांदाच लिहितो आहे इथे. वय ४१.

मी तो मुलगा होतो. सहावीत माझं वजन वर्गात वाचलं गेलं. त्यानंतर नववीपर्यंत मी डबा जिन्याखाली बसून खाल्ला, सायकली लावायच्या तिथे. कुणी विचारलं नाही. घरी सांगितलं नाही, कारण घरी पण तेच ऐकू आलं असतं. आई काळजीपोटी बोलायची, काका चेष्टेत बोलायचे, माझ्या कानाला दोन्ही सारखंच लागायचं.

पी.टी.च्या तासाला मला कायम गुणलेखनाला बसवत. खो-खोचे गुण लिहायला. सरांना वाटत असेल की ते मला त्रासातून वाचवत आहेत. चार वर्षं मी बसून दुसऱ्यांचे गुण लिहिले. ज्या मुलाला धावण्याची सगळ्यात जास्त गरज, तोच कडेला खुर्चीवर. हे कुणाला कसं दिसलं नाही, ते मला अजून कळत नाही.

मला डॉक्टरांचं म्हणणं पटतं. पण शाळा बदलताना एवढं बघा की मागे पडणाऱ्या मुलाला खेळातून बाद करणारे खेळ कमी असावेत. साखळीत सगळे सतत हलत राहतात. ‘आऊट’ झालेला मुलगा तासभर बसतो आणि पहिला आऊट होणारा ठरलेला असतो.

चिंचपान, तुमची लेक बिस्किटं लपून खाते ते वाचलं आणि हे लिहावंसं वाटलं. तिला ओरडू नका. तिच्याबरोबर बसून एक खा.

---

चिंचपान (डोंबिवली)

जिन्याखाली दादा, काल रात्री तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आज संध्याकाळी आम्ही दोघींनी चहाबरोबर दोन-दोन बिस्किटं खाल्ली. टेबलावर बसून. तिनेच मग सांगितलं की कोण हसलं होतं.

---

लंगडीपट्टू (कोल्हापूर)

मी क्रीडाशिक्षिका आहे, खाजगी अनुदानित शाळेत, एकोणीस वर्षं. ‘जिन्याखाली’ यांनी लिहिलं ते माझ्याकडूनही झालं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा एका मुलीला असंच शिट्टी आणि वही देऊन बसवायची. ती आता समोर आली तर तिची क्षमा मागेन.

पी.टी.चा तास कसा जातो ते आतून सांगते. दहावीच्या निकालावर शाळेचं नाव चालतं. त्यामुळे गणिताचे सर आजारी पडले की त्यांचा बुडालेला तास माझ्या तासातून भरून निघतो. माझा बुडालेला तास कशातूनच भरून निघत नाही. आमच्या पंचक्रोशीत अशा शाळा आहेत जिथे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले आणि जागा भरलीच नाही, चित्रकलेचे सर शिट्टी वाजवतात. शहरात दोन सत्रांत शाळा भरते, मैदान इमारतीने खाल्लेलं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान लिहिलेलं आहे, पण एका मैदानावर बाराशे मुलं असतील तर कायदा पाळला जातो आणि मूल हलत नाही.

म्हणून मी तासाचा नाद सोडला आणि पंधरा मिनिटं मागितली. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग गावच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका बाईंनी असंच सुरू केलं होतं, रोज एक मैल, वर्गातल्या बाईंसोबत, गणवेशातच, स्पर्धा नाही. मी आमच्या मुख्याध्यापकांना म्हटलं, मला वर्ग नको, सर नको, शिट्टीपण नको. दुसऱ्या तासानंतर पाचवी ते सातवीचे वर्ग आपापल्या वर्गशिक्षकांबरोबर मैदानाला चकरा मारतील. धावा, चाला, गप्पा मारत चाला. कपडे बदलायचे नाहीत, त्यात वेळ जातो. कुणाचीही वेळ नोंदवायची नाही.

पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकच वैतागले. मग झालं असं की तिसऱ्या तासाला मुलं शांत बसायला लागली. हे गणिताच्या सरांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. आता पावसात बंद पडलं की तेच विचारतात. तीन वर्षं चाललंय. वजनं मी मोजलेली नाहीत आणि मोजणारही नाही.

सूर्यनमस्कार आम्ही घालतोच, पण एक अनुभव सांगते. आठवड्यातून एकदा रांगेत बारा नमस्कार घालून ‘व्यायाम झाला’ असं शाळेला वाटतं, तिथे फसगत आहे. मुलांना रोज हवं.

---

मेथीमुठिया

ताई, पंधरा मिनिटांची कल्पना फार आवडली. आमच्या इमारतीच्या शाळेला मैदानच नाही, गच्ची आहे. तिथे जमेल का?

लंगडीपट्टू (कोल्हापूर)

कठडे उंच असतील आणि ऊन चढायच्या आत असेल तर जमेल. नाहीतर वर्गात बाक भिंतीला लावून लंगडी. जागा कमी असली की धावणं कमी, उड्या जास्त. दोरीवरच्या उड्यांना फार जागा लागत नाही.

---

साकुरावाट (जपान)

आम्ही सात वर्षं जपानमध्ये आहोत, मुलगा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत. तुलना करून कुणाला खिजवायचं नाही, पण रोज जे पाहते ते लिहिते.

शाळेत कँटीन नाही, काही विकतच नाहीत. दुपारचं जेवण सगळ्या वर्गाला सारखं, त्याला क्यूशोकु म्हणतात. मुलंच पांढरा अंगरखा आणि टोपी घालून भांडी आणतात, वाढतात, नंतर आवरतात. बाईसुद्धा वर्गात बसून तेच जेवतात. मुख्याध्यापक मुलांच्या आधी चव घेऊन बघतात. महिन्याचा तक्ता घरी येतो, प्रत्येक दिवसापुढे उष्मांक आणि प्रथिनं लिहिलेली. अन्नशिक्षणाचा कायदाच आहे इथे, २००५ चा, आणि त्याच वर्षापासून पोषणाचे शिक्षक हे वेगळं पद शाळांत आलं. मुलगा घरी येऊन सांगतो की आजचा मुळा कुठल्या गावचा होता.

आणि चालणं. शेजारची मुलं गटाने चालत शाळेत जातात, पहिलीची पण. आई-बाबांनी गाडीने सोडायचं नाही असा इथला रिवाज.

सगळंच सुरळीत नाही. आम्ही शाकाहारी, आणि इथे सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क. मला महिन्याचा तक्ता बघून जुळणारा डबा करून द्यावा लागतो. पहिल्या वर्षी मुलगा एकटा डबा उघडायचा तेव्हा त्याला लाज वाटायची. बाईंनी एके दिवशी त्याला वर्गासमोर थालीपीठ कसं करतात ते सांगायला लावलं, मग सगळ्यांना एकेक तुकडा हवा झाला.

---

चूलवाली (ठाणे जिल्हा)

माझं थोडं ऐकाल का? मी तो कँटीनवाला आहे, म्हणजे आमचा बचतगट. एका शाळेचं कँटीन पाच वर्षं चालवतो. सगळे कँटीनवाल्याला बोलतात, पण हिशोब कुणी विचारत नाही.

वर्षाला कंत्राट निघतं. जो जास्त भाडं देईल त्याला मिळतं. शाळेला त्यात पैसे हवे असतात. आम्ही पहिल्या वर्षी महिन्याला पंधरा हजार भाडं कबूल करून बसलो. शाळा वर्षातले दोनशे-सव्वादोनशे दिवस भरते, भाडं बारा महिने. आता सांगा, मुलाच्या हातात दहा-वीस रुपये आणि सुट्टी वीस मिनिटांची. पाकिटाला गॅस लागत नाही, बाई लागत नाही, उरलं तर खराब होत नाही, कंपनीचा माणूस दारात आणून देतो. शीतपेयाचा फ्रीजसुद्धा तोच देतो, फुकट. उसळ करायची तर आदल्या दिवशी मटकी भिजवा, बांधा, पहाटे चारला उठा, आणि उरली तर आम्हीच खा. समोसा-वडा करतो तो पण त्यामुळेच, एका घाण्यात साठ निघतात आणि मुलाला उभ्याउभ्या खाता येतो.

तिसऱ्या वर्षी नवीन मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी विचारलं, भाडं निम्मं केलं तर पाकिटं काढाल का? आम्ही म्हटलं, काढतो, पण सुट्टी दहा मिनिटं वाढवा, चावून खायला वेळ लागतो. त्यांनी दोन्ही केलं. फ्रीज परत गेला.

काय चाललं, काय नाही, सांगते. फळांच्या फोडी चालल्या नाहीत, काळ्या पडतात. अख्खी केळी चालली. नाचणीची इडली पहिल्यांदा रंग बघून परत आली, मग अर्धी नाचणी अर्धा तांदूळ केला तेव्हा गेली. मटकीची उसळ नुसती नाही चालली. चपातीत गुंडाळून वर कांदा-कोबी घातला आणि कागदात दिली तेव्हा उभ्याने खाता आली आणि संपायला लागली. ताक सगळ्यात जास्त खपतं, उन्हाळ्यात पुरत नाही. चिक्की आम्ही ठेवतो, पण लहान तुकडा. गुळाची असली तरी गोडच ती. वडा बुधवारी, एकदाच. बुधवारी रांग मोठी असते, असू दे.

नफा आधीपेक्षा कमी आहे, हे खोटं सांगणार नाही. पण सहा बायकांचं घर चालतं आणि भाड्याचं ओझं मानेवर नाही. तेव्हा ताई, तुमच्या बैठकीत कँटीनवाल्याला शिव्या देण्याआधी शाळेला भाडं विचारा.

---

स्टेथोस्कोप (नाशिक)

चूलवाली ताई, या धाग्यातली सगळ्यात उपयोगाची पोस्ट तुमची आहे. भाड्याचा मुद्दा मला कधी सुचला नव्हता.

साखरेबद्दल एक जोड देतो. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कुठल्या पेयात, खाऊत किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. ३०० मिलिलीटरच्या कोलाच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, सहा चमचे. फळा लावणं चांगलं, पण तो नुसता लावून चालणार नाही. मी एका शाळेत मुलांनाच पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचायला लावला आणि तेवढी साखर वाटीत मोजायला सांगितली. सातवीचा एक मुलगा म्हणाला, ‘ही वाटी आईला नेऊन दाखवू का?’

---

चिंचपान (डोंबिवली)

मंडळी, तीन आठवड्यांनी येते आहे. बैठक झाली. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वजन वर्गात वाचणं बंद. हे मी बोलायच्या आधीच एका बाईंनी मान्य केलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. यापुढे तपासणी ग्रंथालयात, एकेका मुलाची, आणि उंचीसकट कागद बंद पाकिटात घरी. कूलर दुरुस्त झाला. तो नुसता गाळण बदलायचा होता, सातशे रुपयांचं काम.

वाढदिवसाच्या चॉकलेटवर खूप वाद झाला. काही पालकांना वाटलं की आपण मुलांचा आनंद हिरावून घेतो आहोत. शेवटी ठरलं की ज्याचा वाढदिवस त्याने त्या दिवशी वर्गाचा खेळ निवडायचा आणि शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी तो खेळायचा. लेकीच्या वर्गात आतापर्यंत दोनदा झालं. एकदा विषामृत, एकदा नुसता गोंधळ, असं ती सांगते. खाऊ आणलाच तर शाळा सुटताना फाटकावर द्यायचा, वर्गात नाही.

पी.टी.चा तास मिळाला नाही. शिष्यवृत्ती होईपर्यंत नाहीच, असं स्पष्ट सांगितलं. मी लंगडीपट्टू ताईंची पंधरा मिनिटं मांडली, त्यावर ‘विचार करू’ असं उत्तर आलं. पाचवीच्या एका वर्गशिक्षिकेने मात्र बैठकीनंतर मला थांबवून विचारलं की फक्त माझ्या वर्गापुरतं सुरू केलं तर चालेल का. सोमवारपासून त्यांचा एक वर्ग चालणार आहे. माझ्या लेकीचा वर्ग तो नाही.

कँटीनचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. मी चूलवाली ताईंचा प्रश्न तसाच विचारला, भाडं किती? सभागृहात शांतता झाली. मग विश्वस्तांनी आकडा सांगितला, बावीस हजार. कँटीन चालवणारे काका तिथेच मागे उभे होते, ते म्हणाले, ‘दहा करा, उद्या माळ काढतो.’ पुढच्या बैठकीत त्यावर ठरणार. फरकाचे बारा हजार कुठून आणायचे हे मात्र मला सुचत नाहीये. पालकांनी वर्गणी काढावी असं एक जण म्हणाले, फी भरून भरून लोक थकलेले आहेत, माझं मन होत नाही.

लेक डबा पूर्ण खाते आता. वजन मी पाहिलेलं नाही.

---

खडूफळा (सातारा जिल्हा)

ताई, तुमच्या शाळेचं सभागृह किंवा मैदान रविवारी लग्नाला, क्लासला भाड्याने जातं का? जात असेल तर ते पैसे कुठे जातात, ते विचारा.

---

चूलवाली (ठाणे जिल्हा)

त्या काकांना माझा निरोप द्या. शंभर मुलांना उसळ-चपातीचा रोल करायचा तर साडेतीन किलो कोरडी मटकी पुरते, मोड आल्यावर दुपटीच्या वर होते. पहिल्या दिवशी चाळीसच करा म्हणावं, आणि कोबी बारीक चिरा. जाड कोबी मुलं काढून टाकतात. बाकी त्यांना काही विचारायचं असेल तर इथेच विचारू देत, मी रात्री नऊनंतर असते.